लायबा आणि नसीमा यांच्यामधली काच

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पंप म्हटल्यावर तुम्हाला विहिरीवरचा आठवेल, नाहीतर सायकलचा. त्यांचा रुबाब मोठा. मी आपला मुठीत मावणारा. पुढे काचेचं पसरट तोंड, खाली काचेचंच फुगीर पोट आणि मागे रिक्षाच्या भोंग्यासारखा लाल रबरी गोळा. आईचं दूध काढायला मी लागतो. हसू नका. माझा एखादा भाऊबंद तुमच्याही माळ्यावर असेल. मला कुणी शोकेसमध्ये मांडत नाही. गरज असते तेव्हा शोधाशोध, काम झालं की फडक्यात गुंडाळून दिसेनासा.

माझ्या पोटावर रेघा आहेत, त्यामुळे माझी नजर मोजणाऱ्याची झाली आहे. दूध तर मी मोजतोच. माणसं किती देतात आणि देताना हात किती आखडतात, तेही माझ्या लक्षात राहतं.

१९९८ साली रत्नागिरीतल्या औषधांच्या दुकानातून मी तिथल्याच राजिवडा मोहल्ल्यातल्या एका घरात आलो. धाकटी सून नसीमा बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधी. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. चोखायची ताकद तिच्यात नव्हती. दमयंती सिस्टरांनी नसीमाला शिकवलं, "गोळा हळू दाब, मग सोड. घाई करू नको. थेंब आले तरी पुष्कळ." थेंब आले. चमच्याने ते पोरीच्या ओठांवर गेले. माझा तो पहिला मान. आणि मग एका दुपारी ती पेटी रिकामी झाली.

नसीमा रिकाम्या हातांनी घरी आली. पण मित्रांनो, बाळ गेल्याचं दुधाला कुणी सांगितलं नव्हतं. ते येतच राहिलं. तिचे कुर्ते भिजायचे, छाती दगडासारखी व्हायची. ती मला घेऊन मागच्या पडवीत बसायची आणि काढलेलं दूध माडाच्या आळ्यात ओतायची. नवरा करीम कुवेतला. फोनवर तो म्हणाला, "सबर कर." सांगायला सोपं. त्याचा कुर्ता भिजत नव्हता.

त्याच महिन्यात थोरली जाऊ तस्नीम बाळंत झाली. लग्नानंतर कितीतरी वर्षं वाट पाहून तिला मुलगी झाली. लायबा. पण तस्नीमला मोठं दुखणं लागलं, आणि औषधं इतकी कडक की डॉक्टरांनी पाजायला मनाई केली. डब्याच्या पावडरीचं दूध लायबाला सोसेना. पिते आणि ओकते. हातपाय काड्यांसारखे झाले, रडण्याचा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा राहिला.

तस्नीम अंथरुणातूनच म्हणाली, "नसीमा, घे गो हिला. पाज. माझ्या डोळ्यांदेखत जाईल नायतर."

नसीमा उठलीच होती. तेवढ्यात सासू, जैतूनबी, दारात आडवी आली. "थांब. छातीला लावायची नाय."

आता यातली मेख सांगतो. त्यांच्यात अशी रीत आहे की, मूल ज्या बाईचं दूध पितं ती त्याची दूधआई होते आणि तिची मुलं त्याची भावंडं. भावंडांचं लग्न होत नाही. आणि जैतूनबीने तर लायबा जन्मली त्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं, "ही माझ्या अद्नानची." अद्नान म्हणजे नसीमाचा तीन वर्षांचा मुलगा. त्याला विचाराल तर तो तेव्हा चड्डी घालायलाही तयार नव्हता. पण म्हातारीचा हिशेब पक्का. दोन मुलगे दोन मुलखांत, घर एक राहायचं तर नातवंडांनीच ते बांधलं पाहिजे. ती दुष्ट नव्हती. तिला घर फुटायची भीती होती.

"अम्मी, पोर मरते," नसीमा म्हणाली.

"मरू कशाला देतो? हा पंप हाय ना?" म्हातारीने मला उचलून वर धरलं. "ह्याच्यात काढ. मी बोंडल्याने पाजते. भांड्यातून गेलं तर नातं लागत नाय."

"कोण म्हणालं असं?"

"मी म्हणते. आता बायकांच्या दुधाची गोष्ट मौलवीसाहेबांना विचारायला जाऊ? शरम हाय का नाय?"

असा तो निकाल लागला. मला वाटलं, माझं नशीब उघडलं. टोपात उकळून घेतल्यावर मी चकाकत असे. लायबा बाहेरच्या खोलीत रडली की पडद्यामागे नसीमाला पान्हा फुटायचा आणि माझं पोट रेघांच्या वर जायचं. मग जैतूनबीचा हात पडद्यातून आत यायचा, मला घेऊन जायचा. बोंडल्याच्या चोचीतून लायबा घटाघटा प्यायची. हळूहळू तिच्या मनगटांना वळ्या पडल्या, आवाजाला धार आली. शेजारच्या बायका म्हणायच्या, "जैतूनबी, नात बाळसं धरते हां!" जैतूनबी फुलायची. पडद्याकडे कुणी बघत नसे.

एकदा नसीमा म्हणाली, "अम्मी, एकदाच द्या माझ्याकडे."

म्हातारी विरघळली. "घे की. मांडीवर घे. पण ओढणी सरकवायची नाय."

नसीमाने लायबाला जवळ घेतलं. पोरीला वास कळला. ती मान वळवून कुर्त्यावर तोंड घासू लागली, आ करून, इवल्या मुठींनी ओढत. कुर्ता भिजला. पोर ते ओलं कापडच चोखू लागली. नसीमाने ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. डोळे मिटून घेतले.

"बस झालं," म्हणत जैतूनबीने लायबाला उचललं. पोर किंचाळली. नसीमाने मला उचललं आणि गोळा दाबला. त्या दिवशी मी काठोकाठ भरलो. तिने पुन्हा कधी लायबाला मागितलं नाही.

पुढे लायबा नाचणीचं सत्व खाऊ लागली, तस्नीम बरी झाली, नसीमाचं दूध आटलं. मी कुवेतहून आलेल्या बिस्किटांच्या डब्यात, सुटी बटणं आणि जुन्या चाव्या यांच्या सोबतीला गेलो. रबर कडक होऊ लागलं.

आठ वर्षं गेली. एके दिवशी डब्याचं झाकण उघडलं. समोर जैतूनबी, मागे नसीमा. मोहल्ल्यात बायकांना दीन, म्हणजे धर्म, शिकवायला एक आपा येऊ लागली होती, तिच्याकडून दोघी परतल्या होत्या. या आपाला विचारायला शरम नव्हती, म्हणून म्हातारीने धीर करून विचारलं होतं. आपा म्हणाली होती, छातीने पिऊ दे नाहीतर भांड्याने. बाळ असताना पोटभर, वारंवार प्यालं की आई झालीच.

म्हातारीने मला डब्यातून उचललं. "माझं ठरलेलं मोडलं गो, नसीमा. तेव्हाच मोडलं होतं. आणि मी आठ वर्षं मनात लग्न सजवत बसले."

नसीमाने मला तिच्या हातातून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाली, "मग अम्मी, ती तोंड घासत होती तेव्हा ओढणी सरकवली असती तर चाललं असतं."

जैतूनबीने अंगणात खेळणाऱ्या लायबाला हाक मारली. करवंदांनी ओठ काळे झालेली, ढोपरं सोललेली लायबा धावत आली. "बस चाचीच्या मांडीवर. ही तुझी दूधआई हाय."

"मी काय लहान हाय?" लायबा लाजली, तरी टेकली. नसीमाने तिला छातीशी धरलं. पोरीने मान दुसरीकडे वळवली, कारण बाहेरून अद्नान ओरडत होता, "लायबा, तुझा डाव!" ती सुळकन निसटून गेली. नसीमाचे हात तसेच राहिले, बाळ धरल्यासारखे वाकलेले.

मित्रांनो, माझ्यावर रागावू नका. आई कामावर जाते, बाळ काचेच्या पेटीत असतं, तिथे मला जरूर बोलवा. मला उकळा, कोरड्या फडक्यात ठेवा, मी मनापासून राबेन. पण बाळ आणि आई एकाच घरात असतील, दोघं एकमेकांसाठी रडत असतील, तर मला मध्ये ठेवण्याआधी कुणा जाणत्याला विचारून घ्या. विचारायला लाजू नका. नसीमाने दिलेलं दूध माझ्या रेघांनी मोजलं. ओढणी धरून ठेवलेल्या त्या हातांसाठी माझ्या पोटावर रेघ नाही.