परळच्या लिंबोणीने पानं का गाळली

मी एक जुनी लिंबोणी आहे. जुनी म्हणजे वडापिंपळासारखी शंभरी गाठलेली नव्हे. पण पिंपात वाढलेल्या झाडाच्या मानाने माझं वय पुष्कळ झालं. परळच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या गंगुबाईंच्या दारापुढे माझं निळं पिंप आहे. अंगभर काटे आहेत आणि स्वभावही थोडा टोचराच आहे. तेव्हा मित्रांनो, जे सांगेन ते आडपडदा न ठेवता सांगेन.

माझा जन्म जेवणाच्या ताटातला. गंगुबाईंचे मालक कोंडीराम गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला होते. गिरणी बंद पडून घरी बसल्यावर एका दुपारी त्यांनी वरणावर लिंबू पिळलं आणि ताटात पडलेली बी उचलून मातीच्या डब्यात खोचली.

"जल्म गेला साच्यावर, आन् आता शेती करताय व्हय?" असं म्हणून गंगुबाई हसल्या होत्या.

डबा पुरेना तेव्हा बादली आली, बादली फुटली तेव्हा पिंप आलं. मला पहिलं फळ धरलं तेव्हा मात्र कोंडीराम राहिले नव्हते. गंगुबाईंनी ते लिंबू कापलंच नाही. कोंडीरामांच्या फोटोपुढे ठेवलं, ते तिथेच वाळून टणक झालं. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. फळ खाल्लं जावं असंच प्रत्येक झाडाला वाटत असतं.

पुढे मी भरभरून फळं दिली. बुद्धपौर्णिमेला आमच्या चाळीच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्यांना सरबत वाटतात, त्याला लिंबं माझीच असत. शेजारच्या मीराबाई मालवणकडच्या. त्या अधूनमधून येऊन म्हणत, "गंगुबाय, एक लिंबू दी गो, दारार बांधूचा आसा."

"सरबताला चार ने. दाराला बांधायला एक बी मिळायचं न्हाई," गंगुबाई ठणकावून सांगत. मीराबाई नाक मुरडत चार लिंबं घेऊन जात. दोघींची मैत्री मात्र पक्की.

तुम्हांला वाटत असेल, झाड नुसतं उभं असतं. तसं नाही हो. माझ्या पानांना डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं आहेत. त्यांतून मी हवा घेते आणि पाण्याची वाफ सोडते. ऊन तापलं, पिंपातली माती सुकली, की मुळांकडून निरोप येतो आणि ती तोंडं मिटतात. एक दिवस उपाशी राहिलेलं चालतं, वाळून गेलेलं चालत नाही.

मग समोरच्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहू लागला आणि सिमेंटची धूळ माझ्यावर बसू लागली. गंगुबाईंची सून संघमित्रा जवळच्याच एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिला घाण म्हणून खपत नाही. सुट्टीच्या दिवशी ती बादलीभर पाणी आणि ओला फडका घेऊन यायची आणि माझं एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसायची. खरं सांगते, मला ते लाड फार आवडायचे.

त्या पावसाळ्यात माझ्या एका कोवळ्या पानात नागअळी शिरली. तिने पान पोखरलं आणि त्या जखमेतून पाण्याच्या थेंबाबरोबर आत आला तो खैऱ्या. खैऱ्या म्हणजे लिंबाच्या जातीवर येणारा जिवाणूंचा रोग. तो आला की पानावर खरबरीत तपकिरी ठिपके उठतात आणि त्यांभोवती पिवळं कडं येतं.

मी काही हातावर हात धरून बसले नाही. जिवाणूंच्या अंगावरच्या काही खुणा आमच्या पेशींना ओळखता येतात. परका आत आलाय हे कळताच आसपासची तोंडं मिटली. पेशींनी आपल्या भिंती जाड केल्या. दवाखान्यात जखम धुवायला फेसाळणारं औषध वापरतात ना, पेरॉक्साइड? तेच माझ्या पेशी स्वतः तयार करून जिवाणूंवर सोडतात. एवढंही पुरलं नाही, तर ठिपक्याभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात, म्हणजे शत्रूला पुढे जायला जिवंत वाट उरत नाही. मरता मरता त्या बाकीच्या पानांना सावध राहायचा निरोप धाडतात. त्या निरोपातलं आम्ल तुमच्या ॲस्पिरिनच्या गोळीचं भावंडच आहे.

आम्ही कागदी लिंबं या रोगापुढे मुळातच कच्ची. तरी एक-दोन पानांवर मी त्याला रोखून धरलं असतं. पण मी त्याला एका पानात कोंडावं आणि सुट्टीच्या दिवशी फडक्याने त्याला तिथून उचलून पुढच्या पानावर नेऊन ठेवावं, असं सुरू झालं. ठिपके वाढले तशी संघमित्रा आणखी घासून पुसू लागली. मला ओरडून सांगता येत नव्हतं.

मीराबाईंना वेगळीच शंका आली. "कोणाची तरी नजर लागली गो ह्या झाडाक!" असं म्हणत त्यांनी बाजारातून लिंबू-मिरची आणून माझ्याच फांदीला बांधली. लिंबोणीला लिंबू बांधलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. गंगुबाईंनी ते काढलं, मिरच्या फोडणीत टाकल्या आणि लिंबाचं सरबत करून मीराबाईंनाच पाजलं.

शेवटी मी माझा अखेरचा उपाय केला. रोगट पानांच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर सैल केला आणि पानं सोडून दिली. थंडी सुरू होईपर्यंत माझ्या अंगावर काटे आणि मोजकी पानं उरली. मी स्वतःला वाचवत होते; लोकांना वाटलं, मी मेले.

गंगुबाई माझ्याजवळ स्टुलावर बसून राहू लागल्या. जेवणाची हाक आली तरी उठत नसत. त्यांचा मुलगा अभय एका शनिवारी म्हणाला, "आई, गेलंय ते झाड. उद्या सकाळी कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकू. रोज त्याच्याकडे बघत बसतेस, मला बघवत नाही."

"तुझ्या बापाच्या हातचं हाय ते."

"म्हणूनच तर सांगतोय ना," अभय हळूच म्हणाला.

संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर संघमित्रा बाहेर आली. शेवटचं एकदा पुसावं, असं तिच्या मनात असणार. तिने फडका पिळला, ठिपकेवालं एक पान पुसलं आणि शेजारच्या चांगल्या पानाकडे हात नेला. तो हात तसाच अधांतरी राहिला.

"अगं बाई," ती म्हणाली. "वॉर्डात एका पेशंटला हात लावला की दुसऱ्याकडे जायच्या आधी हात धुते मी. नव्या मुलींना त्यावरून ओरडते. आणि इथे एकच फडका!"

तिने ठिपके नीट पाहिले, फडका पाहिला आणि उंबऱ्यावर बसून रडू लागली.

"रडतीस कशाला? तू मायेनंच पुसलंस," गंगुबाई म्हणाल्या.

"मायेनं पुसलं म्हणून तर एकही पान सोडलं नाही ना आई मी!"

गंगुबाई स्टुलावरून उठल्या. मी खरंच मेले का, हे बघायचा इतके दिवस त्यांना धीर होत नव्हता, तो आता झाला. त्यांनी माझ्या बुंध्याची साल नखाने खरवडली. खाली मी हिरवीगार होते.

"हिरवी हाय!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मीराबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

सकाळी गाडीचा भोंगा वाजला तेव्हा संघमित्रा कात्री घेऊन उभी होती. ठिपके आलेली एकेक डहाळी ती कापत होती आणि दर वेळी कात्री स्पिरिटने पुसत होती. अभयने खाली पडलेली पानंसुद्धा वेचून पिशवीत भरली. गाडी माझ्याऐवजी ती पिशवी घेऊन गेली. त्या दिवसापासून पाणी फक्त मुळाशी मिळतं, पानांना ओला हात कुणी लावत नाही.

नवी पालवी आली. तिच्यावर चार-दोन ठिपके उठले, पण या वेळी मी त्यांना जागच्या जागी अडवलं. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला माझ्यावर थोडी लिंबं होती आणि पहिल्याच लिंबावर खरबरीत डाग होता. गंगुबाई ते घेऊन फोटोपुढे उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हेही तिथेच वाळणार.

"बघितलंत का? परत आलं," त्या फोटोला म्हणाल्या आणि लिंबू कापून सरबताच्या पातेल्यात पिळलं. मला आतून भरून आलं.

मित्रांनो, झाडावर माया जरूर करा, पण आजाऱ्याला लावलेला हात धुतल्याशिवाय निरोग्याला लावू नका. आणि झाड पानं गाळायला लागलं, तर ते मेलं असं इतक्यात ठरवू नका. जरा साल खरवडून बघा. गंगुबाईंच्या नखाची खूण माझ्या बुंध्यावर अजून आहे. बाकीच्या सगळ्या जखमा मी भरून काढल्या. ही एक भरायची मला मुळीच घाई नाही.