पंगतीतलं ‘नको’

आमच्या ह्यांचं पंगतीतलं ‘नको’ साऱ्या गल्लीला ठाऊक. ताटावर हात आडवा धरतील, ‘नको, नको’ म्हणतील, पण बोटं अशी फाकलेली की तूप बरोबर रोडग्यावर उतरावं. चार रोडगे होतात तेव्हा कुठे ती बोटं जुळतात.

त्या फाल्गुनात अमरावतीत स्वाइन फ्लूची साथ होती. ह्यांना ताप भरला, अंग ठणकू लागलं. “भाव वाढायची वाट पाहत कापूस घरात भरला न, त्याचेच तंतू गेले नाकात,” हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आमची माधवी अकोल्याहून सातव्या महिन्याच्या ओटीसाठी येणार होती. पोटुशी पोर आणि ही साथ! मी ह्यांना दवाखान्यात नेलंच.

तपासणी करणारी शाहीन आमच्याच गल्लीतली. तिनं नाकात कापसाची काडी फिरवली. “पुन्हा कापूसच!” हे कुरकुरले. पंधरा मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ आली.

“निगेटिव्ह!” हे उठलेच. “माधवीले आत्ताच फोन करतो, ये म्हणतो.”

“बसा काका,” शाहीन म्हणाली. “ही पट्टी ‘आहे’ म्हणाली तं बहुतेक खरंच असते. ‘नाही’ म्हणाली तं भरोसा नाही. मोठ्या माणसाचा फ्लू तिले बरेचदा सापडतच नाही.”

“मंग काडी कावून खुपसली माह्या नाकात?”

शाहीन माझ्याकडे पाहून हसली. “काकू, काकांच्या पंगतीतल्या ‘नको’वानी समजा.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वेगळं राहायला सांगितलं. पण हे ऐकतील तर ना! घरी येताच पोरीला फोन केलाच. मलाही तिला पाहायचं होतं. ओटीचं सामान मांडून तयार होतं. मी महादेवापुढे हात जोडले, म्हटलं, आता तूच सांग.

नैवेद्य दाखवून ह्यांना वाढलं. पहिला रोडगा कसाबसा संपला. दुसरा वाढून मी तुपाची वाटी पुढे केली.

“नको,” हे म्हणाले.

मी हाताकडे पाहिलं. बोटं घट्ट जुळलेली!

वाटी तिथंच ठेवली आणि फोन लावला. “माधवी, उद्या येऊ नको माय. बाबायले फ्लूच आहे.”

“बाबा तं म्हणे, टेस्ट ‘नाही’ आली!”

“पट्टी म्हणते ‘नाही’. पण आज दुसऱ्याच रोडग्याले तुह्या बाबायचं ‘नको’ खरं निघालं.”

तिकडे हसू फुटलं. “अन् तुहं हे ‘नको’, आई? पंगतीतलं का खरं?”

ओटीचा नारळ समोरच होता.

“खरं,” मी म्हटलं. “बोटं जुळवून सांगते.”