मांडवातला ट्रायल

“फुगली हो काका. निघनाच,” रणजीत म्हणाला आणि कॅमेऱ्याच्या पोटात चिमटा घालून बॅटरी उचकटू लागला.

“जपून रे. आत ती हाय,” नरसिंग म्हणाला.

रणजीतचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान जवळा बाजारच्या चौकात होतं आणि नरसिंगचा फोटो स्टुडिओ त्याला लागूनच. आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांत नवरदेवापेक्षा नरसिंगचा हुकूम जास्त चालायचा. मामाला मागे सरकव, वरमाईला हसायला लाव, जेवायला बसलेल्यांना उठव. अशा माणसाच्या घरी बायकोचा एक धड फोटो नसावा याचं कुणालाही नवल वाटेल. त्याला स्वतःला ते पद्माबाई गेल्यावर वाटलं. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला होता. आधार कार्डावरची बाई कोण, हे घरच्यांनाही सांगावं लागलं असतं. आणि मोबाईलमधल्या सगळ्या फोटोंत ती चहाचा ट्रे घेऊन, मान खाली घातलेली. उद्या तिचा जलदान विधी होता. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी ठेवायला फोटो हवा होता.

पद्माबाई लग्नांत त्याच्याबरोबर लाईट धरायला जायची. मांडवात पोचलं की तो आधी तिलाच उभी करून ट्रायलचा एक फोटो घ्यायचा आणि लगेच पुसून टाकायचा. मेमरी कार्डातली जागा नवरीसाठी ठेवायची असे. फक्त एकदा कार्ड घरीच राहिलं होतं. कार्ड नसलं की कॅमेरा फोटो स्वतःच्या पोटात ठेवतो, आणि तो ट्रायल पुसायचा राहून गेला. पुढे नवा कॅमेरा आला आणि हा कपाटात पडला.

“हसून राहिली होती त्याच्यात. मला पक्कं ध्यानात हाय,” नरसिंग पुन्हा म्हणाला.

“हिंगोली, वसमत, दोन्हीकडं फोन लावला. अशी बॅटरी आता येतच न्हाई,” रणजीत म्हणाला. त्यानं फुगलेल्या बॅटरीचं कवच सोलून आतली बोटभर सर्किटपट्टी वेगळी केली. “पट्टी बराबर हाय. हिच्यावर दुसरा सेल लावून बघू. साधा मोबाईल हाय का कुणाचा?”

नरसिंगची मुलगी ज्योती वसमतहून आली होती. तिनं पर्समधून बटणांचा मोबाईल काढून काउंटरवर ठेवला.

“हा घ्या, दादा.”

“पद्मामावशीचा हाय ना?”

“व्हय. आता कोण बोलतंय त्याच्यावर?”

नरसिंगनं तोंड रस्त्याकडे फिरवलं. पाठीमागे मोबाईलचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, मग वायरींना डाग देताना येणारा सोल्डरचा वास आला.

वायरी बाहेर लोंबत असल्यानं कॅमेऱ्याचं झाकण लागेना, आणि झाकण लागल्याशिवाय तो चालू होईना. रणजीतनं उदबत्तीची काडी मोडून खाचेत खुपसली. झाकण लागलं अशी कॅमेऱ्याची समजूत पटली. हिरवा दिवा लागला, लेन्स कुरकुरत बाहेर आली आणि स्क्रीनवर तारीख विचारणारी चौकट आली.

“तारीख राहू दे. फोटो दाखव,” नरसिंग म्हणाला.

“एकच दिसून राहिला,” रणजीत म्हणाला.

नरसिंगनं कॅमेरा ओढून डोळ्यांजवळ नेला. मांडवाचा खांब होता. हिरवी साडी होती. आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा कागद होता.

मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत सगळी माणसं हळद लागल्यासारखी दिसतात. म्हणून कॅमेऱ्याला आधी पांढरा रंग दाखवावा लागतो. पद्माबाई कागद चेहऱ्यासमोर धरायची, मग कागद काढून दुसरा ट्रायल. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की कागदाची आठवणच त्याला राहिली नव्हती. आता सगळं आठवलं. कार्ड नसल्याचं पहिल्या ट्रायललाच कळलं होतं. कागदामागून ती हसत म्हणाली होती, “कागद काढून एक घ्या की.” आणि तो म्हणाला होता, “कार्ड घेऊन येतो, मंग घेतो.” परत आला तेव्हा नवरी मांडवात आली होती.

तो बटण दाबत राहिला, फोटो मोठा करत राहिला. स्क्रीन पांढरीफेक झाली.

“काका, सेल गरम होऊन राहिला. फोटो उतरवून घेऊ लवकर,” रणजीत हळूच म्हणाला.

“आधारचाच लावू, बाबा,” ज्योती म्हणाली.

“न्हाई. हाच मोठा कर.”

“तोंड न्हाई त्याच्यात.”

“हात हायत.”

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर बायका फुलं वाहायला पुढे आल्या. फ्रेममध्ये लाईटनं भाजल्याचा डाग असलेला अंगठा, कागदाच्या कडा घट्ट धरलेली बोटं. शेजारच्या शकुंतलाबाई वाकून पाहत राहिल्या.

“अगं, तोंड कुठं हाय इचं?”

“कागदामागं हाय, मावशी,” ज्योती म्हणाली. “हसून राहिली.”

शकुंतलाबाईंनी फुलं ठेवली आणि पदर तोंडाला लावला. नरसिंग हार घेऊन पुढे झाला. हार मोठा होता, फ्रेमवरून खाली ओघळून बोटांवर आला. त्यानं तो दोन्ही बाजूंनी उचलून वर घेतला, कागदावर नीट बसवला आणि हात उघडे ठेवले.