शिट्टी न वाजवणारा खांब

मी खांब बोलतोय. बांबूचा आहे म्हणून बोलतोय. सागाचा असतो तर गप्प बसलो असतो. भरीव मंडळींकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. माझ्या पोटात मात्र एक अख्खं घर लपून बसलं होतं.

माझा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, बांबूच्या बेटात झाला. मी इतक्या झपाट्याने वाढलो की संध्याकाळी माझ्या शेंड्यावर बसलेला बगळा सकाळी ढगात जागा झाला आणि खाली उतरायला घाबरला. खोटं वाटत असेल तर बगळ्याला विचारा. सिद्रो नावाच्या कोळ्याने मला तोडलं, चिखलात मुरवलं, वाळवलं आणि लग्नाच्या वर्षी आपल्या घराच्या कोपऱ्यात उभं केलं. वर निपा नावाच्या पाणथळ ताडाच्या पानांचं छप्पर, खाली बांबूच्या पट्ट्यांची जमीन आणि चार कोपऱ्यांत आम्ही चार भाऊ.

भुंग्यांनी आम्हाला भोकं पाडली होती. नदीवरून वारा आला की आम्ही चौघे शिट्ट्या वाजवायचो. मग सिद्रोच्या घरात देल्या जन्मली. ती रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. तिची आई पुरिंग एका दुपारी घर रिकामं बघून माझ्याजवळ आली. तिने कोयत्याच्या टोकाने माझ्या मधल्या पेराला चीर पाडली, आत एक नाणं सोडलं आणि ते वाजू नये म्हणून चिंधीचा बोळा कोंबला. “माझी पोर चिखलात मासे निवडणार नाही,” ती माझ्या कानात म्हणाली. “ती शिकणार.” त्या दिवसापासून माझी शिट्टी बंद झाली.

आता बांबूची एक गंमत असते. बाहेरून तो एक दिसतो, आत मात्र पेरापेराला भिंत. पुढे काही महिन्यांनी सिद्रोने माझ्या वरच्या पेराला चीर पाडली. तिथे फक्त त्याचाच हात पोचायचा. आवाज नको म्हणून त्याने आपल्या एकडोळ्या कोंबड्याची पिसं भरली. त्याला हवा होता पलीकडच्या गावचा लाल तुऱ्याचा झुंजीचा कोंबडा. आणि सिद्रोची आई, तोरा आजी, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या खालच्या पेरात नाणी सारायची. तिला पितळी कड्यांची शवपेटी घ्यायची होती. आपल्या मयताच्या खर्चासाठी कुणी वर्गणीची ताटली फिरवावी, हे तिला मंजूर नव्हतं. तिने चिंधीही भरली नाही आणि पिसंही नाहीत. ती ठार बहिरी होती. नाणं वाजतं हेच ती विसरली होती.

तिघांनाही वाटायचं, खांब आपला एकट्याचा.

वर्षं सरली, देल्या मोठी झाली. तेव्हा एकदा शहरातून एक बाई आल्या. पायांत बूट, काखेत फळी, फळीवर कागद. सामान्य घरांत शिल्लक किती पडते, ते विचारत त्या दारोदार फिरत होत्या.

“तुमच्या घरात बचत किती?”

सिद्रो हसला. “बाई, आधी नदीत मासे किती ते विचारा.”

“म्हणजे शून्य लिहू?”

“शून्याच्या खाली काही असेल तर ते लिहा.”

पुरिंगने मान डोलावली. आजीच्या कानाशी ओरडून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “तोंडात दात उरले नाहीत गं, पैसे कुठले!”

बाईंनी शून्य लिहिलं. लिहायला टेकू हवा म्हणून फळी टेकवली ती नेमकी माझ्यावर. तिघांचे श्वास अडकलेले मी ऐकले.

त्याच आठवड्यात बिदाय आली. ती देल्याची धर्ममाता, त्यामुळे ती आणि पुरिंग एकमेकींना ‘कुमारे’ म्हणायच्या.

“कुमारे, डुकराचं पिल्लू स्वस्तात मिळतंय. थोडे पैसे दे ना, भात निघाला की परत करते.”

“घरात एक नाणं असेल तर शपथ, कुमारे,” पुरिंग म्हणाली आणि पाठ माझ्याकडे करून उभी राहिली. बिदायचा चेहरा पडला.

पुरिंगचाही नाइलाज होता. देल्या शहरातल्या अध्यापन महाविद्यालयाची परीक्षा पास झाली होती. जूनमध्ये वर्ग भरायच्या आत फी नाही भरली, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. मला फोडल्याशिवाय पैसे निघत नव्हते आणि फोडायला एकांत हवा होता. सिद्रोला कळलं तर अर्धे पैसे कोंबड्यांच्या झुंजीत जाणार, गावाला कळलं तर उरलेले उसनवारीत. पुरिंग संधीची वाट बघत राहिली. दिवस सरत गेले.

आणि मेच्या अखेरीस रेडिओवर वादळाची बातमी आली. संध्याकाळपर्यंत येणार म्हणाले. नदी आधीच काठ खात खात आमच्या घरात चढायच्या शिडीपर्यंत पोचली होती. सिद्रो पहाटेच गावात फिरला. ऊन चढायच्या आत सगळे पुरुष हजर. घर उचलून ओढ्यापलीकडे, चर्चमागच्या उंचवट्यावर न्यायचं ठरलं. आमच्याकडे घर असंच हलवतात: खाली बांबूंची चौकट बांधायची, खांब उकरायचे आणि अख्खं घर खांद्यावर घ्यायचं. शेवटी भात, सुके मासे आणि माडी. मजुरी विचारणाऱ्याला गावातून हाकलतील.

पुरिंग सकाळपासून माझ्याभोवती घुटमळत होती. पण घरभर माणसं. एकाने माझ्या पायथ्याची माती उकरली, दुसऱ्याने मला हलवलं. तिने डोळे मिटून घेतले.

“एक, दोन आणि उचला!”

घर उचललं गेलं. पुढे तोन्यो काका गिटार वाजवत निघाले. माझ्या कोपऱ्याखाली कार्दो होता. गावात त्याच्यासारखा आडदांड दुसरा नाही आणि त्याच्यासारखा तोंडाळही नाही.

“अरे सिद्रो, या कोपऱ्यात तुझी आई बसलीय का?”

“आई ती काय, मागून चालतेय.”

“मग म्हैस बांधलीस का? खांदा निखळला माझा!”

“ओला बांबू आहे रे! पाणी प्यायलाय,” सिद्रो घाईघाईने म्हणाला. पुरिंगने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. ती हेच म्हणणार होती.

आभाळ तांब्यासारखं झालं होतं. वारा थांबला होता, आणि वारा थांबला की आमच्याकडची कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. माणसं ओढ्याच्या उतारावर आली. घर पुढे कललं आणि माझ्या खालच्या पेरातून आवाज आला.

खळ्ळ.

पुरिंगला वाटलं, माझे! ती दोन्ही हात वर करून मोठमोठ्याने प्रार्थना म्हणू लागली. सिद्रोला वाटलं, माझे! तो ओरडला, “तोन्यो काका, जोरात वाजवा! काय मयताला आलाय का?” काकांनी तारा तुटतील इतक्या जोरात गिटार बडवली. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. याला काय झालंय? हिला काय झालंय?

जिच्या नाण्यांचा आवाज होता ती आजी मागून म्हणाली, “प्रार्थना कसली गं? कोण गेलं?”

मी मात्र घाबरलो होतो. माझ्या पायथ्याशी एक बारीक तडा गेला होता आणि उताराच्या प्रत्येक पावलागणिक तो वर सरकत होता. तुमच्या कापडाला शिवण उसवताना जे वाटत असेल, ते मला वाटत होतं. एवढा ओढा पार होऊ दे, मी म्हणालो, मग मला चुलीत घाला.

ओढ्याला वरून पाणी आलं होतं. कार्दोचा पाय शेवाळावर गेला. आमचा कोपरा खचला, मी दगडावर आपटलो आणि तडा सर्रकन माझ्या शेंड्यापर्यंत गेला. आतल्या भिंती एकामागून एक फुटल्या. वरचं, मधलं, खालचं सगळं एक झालं आणि माझ्या उघड्या पायातून नाणी ओढ्यात पडू लागली.

गिटार थांबली.

“पैसे!” कुणीतरी म्हणालं. पण म्हणून करतो काय? प्रत्येकाच्या खांद्यावर घर. खाली ठेवलं तर ओढा नेणार, वाकलं तर दुसऱ्याच्या मानेवर पडणार. नाणी पाण्यात चकाकत होती आणि वाहत होती.

तेवढ्यात देल्या घराखाली शिरली.

“देल्या! बाहेर ये!” पुरिंग किंचाळली. “चेंगरशील!”

तिने ऐकलं नाही. वर हेलकावणारं घर, कंबरेपर्यंत पाणी, आणि माझी पोर माझ्या पायाला मिठी मारून, परकराचा ओचा खाली धरून वाकून उभी. कार्दो पाय रोवून घर तोलत होता. त्याच्या गळ्याच्या शिरा मला वरून दिसत होत्या.

“कार्दो,” सिद्रो हळूच म्हणाला, “माझी मुलगी आहे खाली.”

“दिसतंय मला!” कार्दो दातओठ खात म्हणाला. “चला रे! थांबलात तर मेलो!”

मग पाण्यात उतरली ती बिदाय. डोक्याचं फडकं सोडून तिने माझ्या पायाला करकचून बांधलं. बांधता बांधता वर पाहिलं.

“एक नाणं असेल तर शपथ, ना कुमारे?”

पुरिंगने मान खाली घातली.

“नंतर भांडू,” बिदाय म्हणाली आणि गाठ आवळली. “पोरी, तू चाल माझ्याबरोबर. डोकं खाली ठेव.”

एक एक पाऊल टाकत घर ओढ्याबाहेर आलं. उंचवट्यावर टेकवलं तेव्हा पहिला वारा सुटला. कार्दो चिखलातच आडवा झाला. देल्याने ओचा सोडला. चिंध्या, पिसं आणि नाणी, सगळ्याचा एक ढीग. कुणाचं कुठलं, ते मलासुद्धा सांगता आलं नसतं.

“कुणाचे हे?” तोन्यो काकांनी विचारलं.

सगळ्या गावाने सिद्रोकडे पाहिलं. सिद्रोने ढिगातल्या पिसांकडे पाहिलं, मग भिजलेल्या पोरीकडे.

“माझे. देल्याच्या शिक्षणासाठी साठवले.”

“आणि ही पिसं?” कार्दो पडल्या पडल्या म्हणाला. “कोंबडाही शिकणार होता का?”

मंडळी खो खो हसली. कुणीतरी आजीच्या कानात ओरडलं, “आजी, पैसे कशाचे?”

आजीने सगळ्यांची तोंडं न्याहाळली. “सिद्रो काय म्हणाला?”

“देल्याच्या शिक्षणाचे!”

“मग माझेही त्याचेच,” आजी म्हणाली आणि एक मोठा निःश्वास सोडला. त्या निःश्वासात पितळी कड्या होत्या. तो मी एकट्याने ऐकला.

शेवटी पुरिंग. ती पुढे आली. “माझे... देल्याच्या शिक्षणासाठी.”

“हो का! तूही!” लोक आणखीनच हसले. तिघांत एकटी खरं बोलली आणि कुणाचाच विश्वास बसला नाही तो तिच्यावर.

पण सगळ्या गावासमोर तोंडातून निघालेलं परत गिळता येत नाही. सिद्रोने सगळी नाणी भाताच्या पोत्यात भरली आणि स्वतःच्या हाताने तोंड शिवलं. वादळ आलं आणि गेलं. आमची जुनी जागा नदीने नेली. आठवड्याभराने देल्या ते पोतं घेऊन शहरात गेली. फीचा कारकून नाणी मोजून इतका दमला की, म्हणतात, त्याला पावती लिहायलाही दुसरा माणूस बोलवावा लागला. देल्याच्या पहिल्या सुट्टीतच पुरिंगने बिदायला पिल्लासाठी पैसे दिले. ते कुठून आले ते बिदायने विचारलं नाही.

आता मी वेताने आवळलेला, उभा चिरलेला म्हातारा खांब आहे. देल्या यंदा मास्तरीण होऊन बाहेर पडेल. सिद्रोकडे तोच जुना एकडोळा कोंबडा आहे. तोरा आजी शवपेटी नाही म्हणून मरत नाही, असं स्वतःच सांगते. माझ्या पोटात आता एकच पोकळी आहे, एकही भिंत नाही. वारा आला की आमच्या चौघांत सगळ्यात मोठी शिट्टी माझी.

चौघांत म्हणालो, पण तेवढं खरं नाही. चुलीकडचा भाऊ ईस्टरपासून गप्प आहे. का, ते मला ठाऊक आहे. कुणामुळे, तेही ठाऊक आहे. माझ्या तोंडून ते निघणार नाही.

परवा त्या फळीवाल्या बाई पुन्हा आल्या. “बचत किती?”

“शून्य,” तिघेही एका सुरात म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि टेकायला जागा शोधत चुलीकडे वळल्या. वाचकहो, तुम्हीही कधी कुणाच्या घरी गेलात तर एवढं करा: बसा, पाणी प्या, पण खांबावर टिचकी मारू नका.

बाईंचा हात त्या गप्प भावाकडे गेला. वारा अगदी बेताचाच होता. मी होता नव्हता तेवढा सगळा छातीत ओढला आणि शिट्टी वाजवली.

बाई दचकून माझ्याकडे वळल्या.