ब्रेथवेटना कोण विचारणार

इंग्लंडातल्या आमच्या बॅरो गावात माणूस एक वेळ मरेल, पण समोरच्याची पंचाईत होईल असा प्रश्न विचारणार नाही. हे मी रागानं बोलतेय, आणि हा राग निवलेला नाही. निवावा असं मला वाटतही नाही.

डेस, माझा नवरा, शाळा सुटली तसा गोदीत बोटी बांधायच्या कामाला लागला. तिथल्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस त्यानं तरुणपणी हातांनी फाडलं, त्याची धूळ छातीभर ओढून घेतली, संध्याकाळी केसांतून झटकत घरी आला. इतक्या वर्षांनी ती धूळ त्याच्या फुप्फुसांना भोवली. आम्ही राहतो गोदीजवळच्या जुन्या चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलला न्यायचं म्हटलं की दोन माणसं येऊन त्याला खुर्चीला बांधून जिन्यानं उतरवायची, आणि तो खालपर्यंत डोळे घट्ट मिटून घ्यायचा. शेजारी बघतात ते त्याला सोसायचं नाही.

त्याला एकच गोष्ट हवी होती. जे काही दिवस उरलेत ते जमिनीवर काढायचे. दार उघडलं की थेट बाहेर, मध्ये एक पायरीसुद्धा नको. पुलापलीकडच्या वॉल्नी बेटावर मिसेस इन्मन नावाच्या विधवा बाईंचं बैठं घर विकायला निघालं, तेव्हा मी एकटीच जाऊन बघून आले. मागचं दार उघडलं की गवत, गवताच्या पलीकडे समुद्र. मी फोनमध्ये फोटो काढून आणले. डेस त्यातला मागच्या दाराचा फोटो तेवढा बघत बसायचा, बाकीच्या खोल्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळा निघेल. त्यापुढचं ते बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

थोडे पैसे डेसच्या आजाराच्या भरपाईचे होते, बाकीचं कर्ज माझ्या नावावर काढायचं होतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, पगार लहान पण पक्का. बँकेतल्या बाईनं एक गोष्ट दोनदा बजावली. खरेदीचे कागद करणारा वकील बँकेच्या पॅनलवरचाच, म्हणजे तिनं मान्य केलेल्या यादीतलाच हवा. तो तुमच्याबरोबर बँकेचंही काम बघतो, म्हणून पॅनलवर नसलेल्याच्या हातात बँक एक पैसा सोडत नाही. आणि पॅनलवरची नावं बदलत असतात, तेव्हा वकील नेमण्याआधी त्यालाच स्पष्ट विचारून घ्या.

स्पष्ट विचारून घ्या म्हणे. बॅरोत!

मी लँकेस्टरच्या एका मोठ्या ऑफिसचं नाव काढलं, तर डेसचं तोंड वाकडं झालं. गावातले वकील ब्रेथवेट सोडून दुसऱ्याकडे जायचं? त्यांनी डेसच्या आईचं मृत्युपत्र केलं होतं, त्याच्या बापाला पुरताना ते भर पावसात शेवटपर्यंत उभे होते, दर ख्रिसमसला त्यांचं कार्ड यायचं. उद्या चौकात भेटले तर कुठल्या तोंडानं बोलायचं, असं डेसचं म्हणणं. एवढं आजारी माणूस, त्याच्याशी काय वाद घालायचा? बोलावलं त्यांना.

सत्तरीचे ब्रेथवेट धापा टाकत तीन मजले चढून आले. डेससाठी चढले, हे मला मान्य करायलाच हवं. मी चहा केला, केक कापला, आणि कप हातात देता देता विचारून टाकलं.

"मिस्टर ब्रेथवेट, तुम्ही अजून या बँकेच्या पॅनलवर आहात ना?"

"लॉर्ना," डेस म्हणाला. एवढंच म्हणाला, पण मी कुणाची पाकीटमारी केल्यासारखा त्याचा चेहरा लाल झाला.

ब्रेथवेट हसले. "बाई, या बँकेचं काम मी तीस वर्षं करतोय."

आता हे काय उत्तर झालं? मी 'अजून' विचारलं होतं. पण डेस माझ्याकडे असा बघत होता की मी केकची बशी पुढे केली. डेस खूश झाला. ब्रेथवेट गेल्यावर मला म्हणाला, की तू म्हणजे ना, पोलिसात जायला हवी होतीस.

मग आठवडे जायला लागले. जमिनीचे दाखले आले, नगरपालिकेची उत्तरं आली, ब्रेथवेटांचे फोन गोड होते. सगळं नीट चाललंय, बाई. डेसचा आवाज मात्र रोज थोडा बारीक होत होता. पूर्वी तो खिडकीपर्यंत चालत जायचा, आता खुर्ची खिडकीशी न्यावी लागायची. मी शाळेतून धावत घरी यायची, जिन्यातच कान टवकारायची, आणि आतून खोकला ऐकू आला की बरं वाटायचं. खोकल्यानं बरं वाटतं, अशी वेळ वैऱ्यावरसुद्धा येऊ नये.

आणि एका दुपारी बँकेतल्या बाईचा फोन आला. मी शाळेत बटाटे सोलत होते. ती म्हणाली, तुमचा वकील आता आमच्या पॅनलवर नाही, पैसे सुटणार नाहीत, दुसरा नेमा.

मी ॲप्रन न सोडताच ब्रेथवेटांच्या ऑफिसात गेले, तिथे सगळं कळलं. त्यांचे भागीदार म्हणजे त्यांचे मेहुणे, ते हिवाळ्यात वारले. अख्खा गाव मयतीला गेला होता, हॅम घातलेली सँडविच खाऊन आला होता, आणि आता तुमच्या ऑफिसचं कसं काय, असं एकानंही विचारलं नव्हतं. बँकेला एकट्या माणसाचं ऑफिस चालत नाही. तिनं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की उन्हाळ्याच्या आत दुसरा भागीदार आणा, नाहीतर नाव काढू. म्हणजे आमच्या घरी केक खाताना ते पॅनलवर होते हे खरं, आणि जाणार हेही त्यांना ठाऊक होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"एक तरुण यायला तयार होता, प्रेस्टनचा. मला वाटलं, होईल वेळेत." त्यांनी समोरचे कागद एकावर एक रचले. "डेस इतका खूश दिसत होता. मला त्याला त्रास द्यायचा नव्हता."

"मग आता कुणाला झाला?"

ते फी परत करतो म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. काय करायचीय फी? मला वाया गेलेला जून महिना परत हवा होता. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी, मूर्ख बाई, दारातून बाहेर पडताना त्यांना थँक यू म्हणाले.

मग मी लँकेस्टरची वकील नेमली. मुलगी हुशार होती, तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, दुसऱ्याच्या तपासणीवर बँकेला सही देता येत नाही, सगळं मला पुन्हा बघावं लागेल, कमीत कमी एक महिना. घर विकून देणारा एजंट म्हणाला, मिसेस इन्मनना मुलाकडे कार्लाइलला जायचंय, त्या फार थांबणार नाहीत, आणि रोख पैसे घेऊन दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दोन्हीकडच्या सह्या होऊन कराराच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत इथे कुणी कुणाला बांधलेलं नसतं, हे मला शिकवायची गरज नव्हती. मी एजंटच्या हातापाया पडायची तेवढी राहिले. खरं कारण मात्र सांगू शकत नव्हते, कारण डेसनं पहिल्याच दिवशी मला शपथ घातली होती. माझा आजार मध्ये आणायचा नाही. घर विकत घ्यायचंय, भीक नाही मागायची.

ब्रेथवेटांचं मी डेसला सांगितलं नाही. रोज सांगायचं ठरवायची. रोज तो आदल्या दिवसापेक्षा खचलेला असायचा.

शेवटी एजंटनं फोन उचलायचं सोडलं, तेव्हा मी शपथ मोडली. बसनं वॉल्नीला गेले. विकणाऱ्याच्या दाराशी असं जायचं नसतं, सगळं एजंटमार्फत, पण मी बेल वाजवली. मिसेस इन्मन कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी प्रस्तावना केली नाही.

"माझा नवरा मरतोय," मी म्हटलं. "तुमच्या मागच्या दारात बसायचंय त्याला. आमची पैशांची अडचण नाही, वकील बदलावा लागला. मला फक्त एक महिना द्या."

त्यांनी हातातला कप हळूच खाली ठेवला आणि मला खुर्चीत बसवलं.

"काल सह्या झाल्या गं पोरी. अदलाबदलही झाली. आता मला मागे येता येत नाही."

मला रडूसुद्धा आलं नाही. मी त्यांच्या खांद्यावरून त्या दाराकडे बघत राहिले. ते उघडंच होतं.

"मी थांबले असते," त्या म्हणाल्या. "वर्षभर थांबले असते. माझे मिस्टर याच खोलीत गेले. पण मला कुणी सांगितलंच नाही. एजंट म्हणाला, त्यांच्याकडे काहीतरी अडलंय. मला वाटलं पैसे कमी पडत असतील. मग असं कसं विचारायचं कुणाला?"

बस कुठल्या रस्त्यानं आली मला आठवत नाही. जिन्यात मी दोन वेळा बसले. पाठ केलं, वाक्य न वाक्य. आपल्याला घर मिळत नाही, डेस. ब्रेथवेटांना माहीत होतं, डेस. सरळ सांगायचं, आता या घरात तरी कुणीतरी सरळ बोललं पाहिजे.

डेस खिडकीशी बसला होता. मान वळवायलाही त्याला वेळ लागला.

"ब्रेथवेटांनी केलं ना?"

त्याच्या ओठांना निळसर झाक आली होती. मी त्याच्या गुडघ्यांवरचं पांघरूण सारखं केलं.

"हो," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी किल्ल्या."

"बघ. आणि तू त्यांची उलटतपासणी घेत होतीस." तो हसला, मग खोकला, मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "लॉर्ना, त्या मागच्या दाराला पडदा लावू नकोस."

"नाही लावत," मी म्हटलं.