एतेल्विनाच्या इस्त्रीचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने इस्त्रीचे टेबल आहे. माझ्यावरचे कापड आणि गादी काढलीत तर खालच्या जाळीवर इस्त्रीच्या आकाराचा एक काळा डाग दिसेल. त्या डागाची गोष्ट सांगताना मला आजही भीती वाटते.

मी पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात तयार झालो. तिथून तालुक्याच्या दुकानात आलो. तिथे एतेल्विना मला घ्यायला आली. तिचा मुलगा अल्बानो सोबत होता. त्याने एक अरुंद, हलके टेबल उचलले आणि म्हणाला, "हे घे आई, उचलायला सोपं."

"हे शर्टांपुरतं ठीक. मला चादरी करायच्यात, मेजावरची कापडं करायचीत. अरुंद टेबलावर चादर चार वेळा सरकवावी लागते आणि चार सुरकुत्या नव्या पडतात."

मग ती माझ्याजवळ आली. माझ्यावर कोपर टेकून तिने अंगाचा भार दिला, मी डगमगतो का ते पाहिले. माझी उंची तिने आपल्या कमरेच्या हाडाला लावून बघितली. शेवटी कापड वर करून खालची जाळी चाचपली. "लाकडी नको. वाफेला जायला वाट पाहिजे, नाहीतर कापड ओलंच राहतं."

दुकानदार हसला. "काकू, नवरा निवडताय की टेबल?"

"नवरा पाच मिनिटांत निवडला होता," ती म्हणाली. "म्हणून आता नीट बघतेय."

असा मी तिच्या घरी आलो. तिच्या सासूने घरच्या जवसाच्या धाग्याने, म्हणजे लिननने, विणलेले मोठे पांढरे कापड मी सांभाळले. एतेल्विना त्यावर पाणी शिंपडायची, गुंडाळी करून तासभर ठेवायची आणि ओलसर असतानाच इस्त्री करायची. नक्षीचा भाग ती जाड पंच्यावर उलटा पसरायची, म्हणजे टाके दबत नसत. लोंबणारे टोक जमिनीला लागू नये म्हणून बाजूला खुर्ची ठेवायची. शेजारीण झुल्मिरा म्हणायची, "हिच्या कापडावर माशी बसली तर घसरून पडेल." ते ऐकून मला फार अभिमान वाटायचा.

वर्षे गेली. एतेल्विनाचा नवरा वारला. अल्बानो फ्रान्सला बांधकामावर गेला. ती एकटीच राहिली आणि तिचे केस पांढरे झाले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती इस्त्री चालू ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. इस्त्री उभी होती, म्हणून काही जळले नाही. पण तासभर ती माझ्या टोकावर तापत राहिली आणि मी तासभर घाबरत राहिलो. एतेल्विना परत आली, तिने वायर काढली आणि ती खुर्चीवर बसून राहिली. तिने ते झुल्मिराला सांगितले. झुल्मिराने काळजीने अल्बानोला फोन केला.

ईस्टरच्या आठवड्यात अल्बानो आला तो कागद घेऊनच.

"शहरातल्या वृद्धाश्रमात जागा मिळतेय, आई."

"एकदाच विसरले रे."

"एकदाच पुरतं. मी इतक्या लांब, मला झोप लागत नाही. परत असं काही झालं, तर मी घराला कुलूप लावणार. सांगून ठेवतो."

मी मागच्या खोलीत उभा राहून ऐकत होतो. त्या दिवसापासून तिच्यापेक्षा मीच इस्त्रीला जास्त भिऊ लागलो.

ईस्टरच्या रविवारी आमच्या गावात पाद्रीबाबा क्रूस घेऊन घरोघरी येतात. दारात रोझमेरीची पाने आणि फुले पसरतात. पुढे घंटी वाजत येते, आकाशात शोभेच्या दारूचे बाण फुटतात. क्रूस दारात आला आणि घरातले कुणी आत राहिले, तर गाव वर्षभर नावे ठेवते. एतेल्विनाने पांढरे कापड आदल्या दिवशीच इस्त्री करून मेजावर घातले होते. केकच्या ताटाखालचा छोटा रुमाल तेवढा राहिला होता.

ती इस्त्रीकडे वळली तसा अल्बानो म्हणाला, "तू नको हात लावू. मी करतो."

ती हात पुसत बाहेर फुले पसरायला गेली. अल्बानो रुमालावर इस्त्री फिरवू लागला. या वर्षी क्रूस वरच्या आळीकडून निघाला होता आणि आमच्याकडे लवकर पोचणार होता, हे कुणाला ठाऊक नव्हते. घंटी अचानक अगदी जवळ वाजली. अल्बानो दचकला. त्याने इस्त्री होती तशी, पालथी, रुमालावर ठेवली आणि तो दाराकडे धावला.

मित्रांनो, मला पाय आहेत पण चालता येत नाही. आधी रुमाल पिवळा झाला, मग तपकिरी. मग माझे वरचे कापड आणि त्याखालची गादी धुमसू लागली. पुढच्या खोलीत प्रार्थना चालली होती. एकेक जण वाकून क्रूसाचे चुंबन घेत होता. मग पेले वाजले.

झुल्मिराचा आवाज आला, "जळका वास येतोय का गं?"

"बाण सुटतायत ना, काकू," अल्बानो म्हणाला. "त्यांच्या दारूचा वास आहे."

दारातली रोझमेरी पायांखाली चुरडली जात होती, तिचाही वास भरला होता. कुणाला शंका आली नाही. क्रूस शेजारच्या घराकडे निघाला. रीतच आहे, घरचे सगळे त्याच्यामागे शेजारी जातात. पावले दूर जाऊ लागली. घर रिकामे होत होते आणि माझ्या कडेला एक लहान ज्योत उठली होती. आता मी संपलो, घरही संपले, असे मला वाटले.

पण एतेल्विना अजून मेजापाशी होती. केकचे ताट नुसतेच ठेवलेले पाहून ती रुमाल शोधत मागे आली.

ती ओरडली नाही. तिने आधी वायर ओढली, मग इस्त्री उभी केली, आणि नंतर इस्त्री करायची म्हणून शिंपडून गुंडाळून ठेवलेली ओली चादर माझ्यावर टाकून दोन्ही हातांनी दाबून धरली. धूर पाहून अल्बानो आणि झुल्मिरा धावत आले.

"हे काय केलंस, आई? सांगितलं होतं ना मी तुला?"

एतेल्विनाने आपल्या हातांकडे पाहिले.

"मी चालू ठेवली का?" ती हळूच म्हणाली. "मला आठवत नाही रे. मीच असेन. दुसरं कोण असणार?"

आगीला मी भ्यालो होतो, पण त्या शब्दांना मी जास्त भ्यालो.

"उद्याच निघू," अल्बानो म्हणाला. "कपडे भर." रागाने त्याने ओली चादर बाजूला केली आणि खालचा जळका रुमाल ओढून काढला. मग तो तसाच उभा राहिला. रुमालाचा एक कोपरा पांढरा उरला होता. त्याने तो बोटांनी चोळला. त्याला आठवले, हे मला दिसले. आणि दुसऱ्या कुणाला माहीत नाही, हेही त्याला कळले होते. त्याने रुमालाची घडी केली आणि हात खिशाकडे नेला.

शेजारच्या अंगणात घंटी वाजत होती. एतेल्विना पिशवी काढायला कपाटाकडे वळली.

"थांब आई," तो म्हणाला. "मीच ठेवली. घंटी ऐकली आणि पळालो. तू हातसुद्धा लावला नव्हतास."

मग झुल्मिरा म्हणाली, "मग अल्बानो, त्या वृद्धाश्रमातल्या जागेवर आता कुणाला धाडायचं?"

अल्बानोने कागद फाडले नाहीत, पण परत नेले. मला नवी गादी बसवून दिली. एतेल्विना आपल्या घरीच आहे. इस्त्रीच्या दिवशी झुल्मिरा समोर येऊन बसते.

तरी एक गोष्ट बदलली. एतेल्विना वायर काढते, "काढली" असे मोठ्याने म्हणते, आणि दारापर्यंत जाऊन परत येते. वायर हातात घेऊन बघते. मग पुन्हा एकदा येते. पूर्वी ती असे करत नव्हती.

मित्रांनो, इस्त्री नेहमी उभी ठेवा. क्षणभर जायचे असले तरी आधी वायर काढा. आणि घरात काही जळले, सांडले, हरवले, तर सर्वात म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी स्वतःला विचारा. एतेल्विना आता तिसऱ्यांदा दारातून परत येते आहे. मी तिला सांगू शकत नाही की वायर काढलेली आहे.