हिरव्या डागांची चादर

मी एक जुनी चादर आहे. पांघरायची नव्हे, टेबलावर घालायचीही नव्हे; अळ्या मोजायची. हसू नका, मित्रांनो. सोयाबीनवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात मी एकवीस हंगाम राबले. त्यातला एक हंगाम मला अजून बोचतो. तोच सांगायचा आहे.

केंद्रात कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी जाड पांढरे कापड आणले, मीटरभर लांब कापले, दोन्ही कडांना स्वतःच्या हाताने नेफे शिवले आणि त्यांत एकेक काठी ओवली. झाले माझे बारसे. सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये मला उलगडायचे आणि दोन्ही बाजूंची झाडे माझ्यावर वाकवून झटकायची. पानांमागे दडलेल्या अळ्या टपटप माझ्यावर पडत. मीटरभर ओळीत चारपेक्षा जास्त निघाल्या तर औषध फवारायचे. कमी निघाल्या तर थांबायचे, कारण औषधाने अळ्यांना खाणारे कोळी आणि ढालकिडेही मरतात. एवढा मोठा निर्णय माझ्या अंगावर व्हायचा.

मोजायच्या त्या मावशी. त्या शेतमजूर म्हणून लागल्या होत्या. त्यांची नजर पाहून मॅडमनी त्यांना मोजणीला घेतले. झाड झटकताना त्या अळ्यांशीच बोलत. "उतरा खाली, बसल्या जागी खूप खाल्लंत." शिकलेली मुले भिंग घेऊन पुन्हा मोजत आणि आकडा तोच येई. मग मावशी भिंगाकडे बघून म्हणत, की याला पगार किती देता? रोज संध्याकाळी त्या मला नळावर नेत, साबण लावून घासत आणि दोरीवर टाकत. झाडांचा हिरवा रस सहज निघत नसे, पण मावशीही सहज सोडत नसत. सकाळी मी पुन्हा पांढरी.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी एक साहेब आले. माणूस कष्टाळू, मनाने चांगला, थोडा हौशी. एकदा केंद्र बघायला पाहुणे आले, तेव्हा साहेबांनी मला उलगडून धरले आणि म्हणाले, "ही आमची सगळ्यात जुनी कर्मचारी." पाहुणे हसले. त्या दिवशीच्या कामाने पडलेल्या माझ्या हिरव्या डागांचे फोटो काढले. त्या दिवसापासून साहेबांनी मावशींना मला धुवायला मनाई केली. ते डाग म्हणजे केंद्राच्या मेहनतीची ओळख आहे, असे त्यांचे म्हणणे.

"कामाची वस्तू आहे साहेब, मिरवायची नाही," मावशी पुटपुटल्या. पण वरिष्ठांचा शब्द. त्यांनी साबण ठेवून दिला.

आणि मी? मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मी सुखावले. तोवर सगळे माझ्यावरच्या अळ्या बघत. माझ्याकडे कोणी बघितलेच नव्हते. दोन हंगामांत मी या काठीपासून त्या काठीपर्यंत हिरवी झाले, आणि प्रत्येक नव्या डागाने माझी मान ताठ होत गेली.

तिसऱ्या हंगामात एका नव्या वाणाचा प्लॉट होता. नऊ वर्षे खपून ते वाण तयार केलेले, बियाणे मोजकेच. मावशींनी मला उलगडले, झाडे झटकली. हिरवी उंटअळी खाली पडली की थोडा वेळ काडीसारखी ताठ पडून राहते. बघणाऱ्याला ती दिसली नाही, तरी तिचा भार मला कळतो. त्या दिवशी माझ्या अंगावर नऊ होत्या. मावशी वाकल्या. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्यांनी नीट पाहिले आणि सांगितले, "दोन."

हिरव्यावर हिरवे. मी सात अळ्या पदरात लपवल्या होत्या.

पाच ठिकाणी मोजणी झाली. कुठे दोन, कुठे तीन. साहेब खूश. फवारणीची गरज नाही, असे त्यांनी वहीत लिहिले. आठ दिवसांनी त्या प्लॉटमध्ये पाने उरली नव्हती, नुसत्या शिरांची जाळी होती.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी मावशींना व्हरांड्यात बोलावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, वय झालं. डोळ्यांना आता आराम द्या."

"मला दोनच दिसल्या हो," एवढेच मावशी म्हणाल्या.

मोजणीला नवा माणूस आला. त्याच्यासाठी कोरी चादर आली. त्याचे आकडे बरोबर निघू लागले, तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली की चूक मावशींच्या डोळ्यांची होती. मावशींना बियाण्याच्या शेडमध्ये निवडायला बसवले. मला त्याच शेडमध्ये खिळ्याला टांगले.

वर्षभर मी वरून बघत होते. सुरकुतलेला दाणा, तडकलेला दाणा, जांभळा डाग पडलेला दाणा, मावशींच्या बोटांतून एकही सुटत नसे. तरी त्या ताट शेजारणीपुढे सरकवत आणि विचारत, "बघ गं, काही राहिलंय का? मला आता दिसत नाही."

शेजारीण म्हणे, तुम्ही निवडलेल्यात मी काय निवडू? पण मावशींना ते खरे वाटत नसे. संध्याकाळी त्यांची लेक न्यायला येई. फाटकापुढचा रस्ता त्या तिचा हात धरून ओलांडत. रोज वाटे, ओरडून सांगावे. पण कापडाला कुठले तोंड?

पुढच्या हंगामात जुन्या मॅडम सहज म्हणून भेटायला आल्या. मोजणीच्या वेळी मावशी शेडमध्ये कशा, हे त्यांना कळेना. साहेबांनी सगळे सांगितले. मॅडम ऐकता ऐकता खिळ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला काढले, अंगणात उन्हात पसरले आणि शेतातून हिरव्या अळ्या आणवून माझ्यावर सोडल्या.

"मोजा," त्या साहेबांना म्हणाल्या.

साहेब वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. "चार."

"आठ सोडल्यात."

साहेबांचा चेहरा उतरला. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "म्हणजे मला दिसत होतं?"

"दिसत होतं, मावशी. चादरीनं दाखवलंच नाही."

साहेबांनी कबूल केले, चूक त्यांची स्वतःची. धुवू नका असे त्यांनीच सांगितले होते. मावशी म्हणाल्या, "वर्षभर लेकीचा हात धरून चालले हो मी."

दुसऱ्या दिवसापासून मावशी मोजणीला जाऊ लागल्या, कोरी चादर घेऊन. जाण्याआधी त्यांनी माझी घडी घातली, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझा काय दोष, तू तर कापड." दोष दिला असता तर बरे वाटले असते. मुकी असणे हा माझा दोष नव्हता, पण डागांवर भाळले ती मीच.

मित्रांनो, कोणाचे डोळे थकले असे म्हणण्याआधी त्याच्या हातात काय दिले आहे ते एकदा बघा. आणि आणखी एक विनवणी. जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. साहेबही आता मला काचेच्या कपाटात ठेवायचे म्हणतात, आठवण म्हणून. तसे करू देऊ नका. खूप मिरवले. माझी फाडून फडकी करा, आणि मोजणीला निघणाऱ्यांनी त्या फडक्यांनी चष्म्याच्या काचा पुसाव्यात.